९९ पैकी ६१



आज हुमणी नाही, खताचा डोस नाही, उसाच्या दराचं गाऱ्हाणं पण नाही. आज फुटबॉल. आणि तेही फिनलंडचं. हसा खुशाल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण वही का लिहायची, वर्षाचा हिशोब कसा बघायचा, हे मला शेतीच्या पुस्तकापेक्षा या लीगनं जास्त नीट दाखवलंय.

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल काय असतं ते सांगायची गरज नाही. पेठापेठांत तालमी आहेत, तालमीतालमींत टीम आहेत, आणि पाटाकडील-शिवाजी सामना असला की निम्मं शहर शाहू स्टेडियमच्या वाटेला लागतं. पण आपला हंगाम थंडी-उन्हाळ्याचा. पाऊस लागला की मैदानात चिखल आणि पोरं भात लावणीला. जून-जुलैत इंग्लंड-स्पेनच्या मोठ्या लीगपण बंद. मग त्या दिवसांत बॉल कुठे फिरत असतो? तर वर, नकाशाच्या पार डोक्यावर, फिनलंडात.

तिथल्या सगळ्यात वरच्या लीगचं नाव वेइक्काउसलीगा. वेइक्काउस ही तिथली सरकारी पैज-लॉटरीची कंपनी, तिच्या नावावरून हे नाव पडलं. लीग या रूपात १९९० पासून आहे, त्याआधी १९३० पासून दुसऱ्या नावानं चालायची. हंगाम साधारण एप्रिलमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास संपतो. का? कारण बाकीचे महिने बर्फाचे. एप्रिलमधले पहिले सामने प्रेक्षक जाड कोट घालून बघतात. जूनमध्ये उलटं, रात्री दहा वाजता पण उजेड. रोव्हानिएमी नावाचं गाव तर आर्क्टिक वर्तुळाला लागून आहे, तिथे जूनमध्ये सूर्य मावळतच नाही.

म्हणजे बघा, आपली पेरणीची तयारी सुरू होते तेव्हा त्यांची लीग सुरू होते. आपली सुगी येते तेव्हा त्यांची संपते. आपल्याकडे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या सुमाराला तिकडे मैदानं पांढरी व्हायला लागतात. ज्याला मधे थंडी आडवी येते, त्याला मिळालेल्या सहा-सात महिन्यांतच सगळं उरकायला लागतं. हे शेतकऱ्याला लगेच कळतं.

मी जो हंगाम सांगणार आहे तो २०१६ चा.

त्या वर्षी सप्टेंबरात जिओचं सिम आलं. फुकट नेट. पुतण्यानं माझ्या मोबाईलमध्ये टाकून दिलं आणि म्हणाला, "आबा, आता काय बघायचं ते बघा." आमच्या रानात तेव्हा रात्रीच्या लाईटचा आठवडा एक सोडून एक. मोटर चालू करून बांधावर बसायचं, सरी भरली की दार फोडायचं, पुढचं दार धरायचं. मधल्या वेळात करायचं काय? तिकडचे संध्याकाळी साडेसहाचे सामने म्हणजे आपल्याकडे रात्रीचे नऊ. एकीकडे पाणी, एकीकडे फिनलंड. पहिल्यांदा नावं वाचता यायची नाहीत. दोन आठवड्यांत सगळ्या टीम पाठ झाल्या.

गंमत म्हणजे लीग सोपी आहे. १२ टीम. प्रत्येक टीम दुसऱ्या प्रत्येकाशी तीन वेळा खेळते. ११ गुणिले ३, झाले ३३ सामने. आता तीन हा विषम आकडा, म्हणजे कुणाला घरच्या मैदानावर १७ सामने मिळतात, कुणाला १६. पाण्याच्या पाळीसारखंच, कुणाला एक तास जास्त, कुणाला एक तास कमी. (पुढे २०१९ पासून त्यांनी पद्धत बदलली. आता दोन फेऱ्या झाल्या की तक्ता वरच्या सहा आणि खालच्या सहात फोडतात.) जिंकलं की ३ गुण, बरोबरी झाली की १, हरलं की शून्य. सगळे ३३ जिंकले तर ९९. हा ९९ आकडा लक्षात ठेवा.

आता या लीगमधला मोठा शेतकरी कोण? हेलसिंकीचा एचजेके. १९०७ चा क्लब. राजधानीचा, पैशाचा, सगळ्यात जास्त वेळा चॅम्पियन झालेला. १९९८ मध्ये युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचलेला फिनलंडचा एकमेव क्लब, आणि तिथे त्यांनी पोर्तुगालच्या बेनफिकाला २-० नं पाडलं होतं. २००९ ते २०१४ सलग सहा वर्षं लीग त्यांचीच. एकदा युरोपात खेळलं की पैसा येतो, पैशानं चांगला खेळाडू येतो, खेळाडूनं परत विजेतेपद येतं. चाळीस एकरवाल्याला कर्ज पण लवकर मिळतं आणि ट्रॅक्टर पण, तसंच हे.

ही साखळी पहिल्यांदा तुटली २०१५ मध्ये. तोडली कुणी, तर सेइनायोकी या गावाच्या एसजेकेनं. हे गाव सपाट शेतांच्या मुलुखातलं. ज्या भागात ते आहे तो फिनलंडचा धान्य-दूध-मांसाचा पट्टा, अट्रिया ही मांसप्रक्रियेची मोठी कंपनी तिथलीच. क्लब २००७ मध्ये दोन जुन्या टीम एकत्र करून काढलेला. २०१४ ला वरच्या लीगमध्ये आला, पहिल्याच वर्षी दुसरा आला, आणि २०१५ ला चॅम्पियन. गुण बघा: एसजेके ६०, रोप्स ५९, एचजेके ५८. तीन टीम, दोन गुणांचं अंतर. ३३ सामन्यांनंतर.

यातला ५९ वाला रोप्स म्हणजे वर सांगितलेल्या रोव्हानिएमीचा क्लब. त्यांची कथा वेगळीच. २०११ मध्ये त्यांच्या काही परदेशी खेळाडूंनी पैसे घेऊन सामने विकल्याचं कोर्टात सिद्ध झालं. पैसे पुरवणारा सिंगापूरचा विल्सन राज पेरुमल पण पकडला गेला आणि त्याला शिक्षा झाली. इतकी बदनामी झालेला क्लब चार वर्षांत एका गुणानं विजेतेपदाला मुकतो. एका गुणानं! म्हणजे अख्ख्या वर्षात बरोबरीतला एक सामना जिंकला असता तर पुरलं असतं. मला त्या क्लबचं लई वाईट वाटतं अजून.

तर मंडळी, ही झाली पार्श्वभूमी. २०१६ ला सगळ्यांना वाटलं, झालं ते झालं, आता परत एचजेके.

पण त्या वर्षी पुढे आला मारिएहाम्न.

मारिएहाम्न हे ओलांद नावाच्या बेटांवरचं गाव. वस्ती साधारण साडेअकरा हजार. आपल्या कागलपेक्षा लहान. अख्ख्या बेटांची मिळून लोकसंख्या तेव्हा तीस हजारांच्या आत होती. फिनलंडच्या मुख्य भूमीपेक्षा स्वीडन जवळ. लोक बोलतात स्वीडिश. तुर्कू या फिनलंडच्या बंदरावरून बोटीनं जायचं म्हणजे साधारण पाच तास. दुसऱ्याच्या मैदानावरचा प्रत्येक सामना म्हणजे आधी समुद्र ओलांडायचा, मग खेळायचं. त्या वर्षी लीगमध्ये रोव्हानिएमी पण होतं आणि उत्तरेचं केमी पण. बेटावरून आर्क्टिकपर्यंत जाऊन नव्वद मिनिटं पळायचं आणि परत यायचं.

बेटांवर शेती आहे. सफरचंद, बटाटा, कांदा, दूध. फिनलंडात पिकणाऱ्या सफरचंदांचा मोठा वाटा या बेटांवरचा. समुद्रामुळे थंडी जरा मवाळ, म्हणून झाडं तग धरतात.

आणि आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. ओलांद कुणाचं, स्वीडनचं की फिनलंडचं, यावर पहिल्या महायुद्धानंतर मोठा वाद झाला. तो राष्ट्रसंघाकडे गेला. १९२१ मध्ये निकाल लागला: बेटं फिनलंडची, पण भाषा, कारभार आणि जमीन तिथल्या लोकांच्या हातात राहील. आजपण तिथे जमीन घ्यायची तर 'घरहक्क' लागतो. आईबापांकडून येतो, नाहीतर फिनलंडचं नागरिकत्व, बेटावर पाच वर्षं वस्ती आणि स्वीडिश भाषा, एवढं दाखवावं लागतं. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला आधी स्वतः शेतकरी असल्याचा दाखला लागतो, त्याच्या पुढची पायरी म्हणा.

हे वाचलं त्या आठवड्यातच आमच्या घरात जमिनीचा विषय निघाला होता.

आम्ही तिघे भाऊ. साडेतीन एकर रान, एकत्र. मधला शिक्षक, त्याला शेतीचं काही पडलेलं नाही, पण विरोधही नाही. धाकटा एमआयडीसीत. त्याची पोरगी दहावीला, पुढे शिकवायची. त्याला त्याचा हिस्सा विकायचा होता. गिऱ्हाईक पण आलं होतं, प्लॉट पाडणारं. आणि धाकट्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तो म्हणाला, "दादा, सव्वा एकरात काय राम राहिलाय सांग मला. मोठ्या रानवाल्यांचं जमतंय. आपण नुसतं जगायचं म्हणून करायलोय." आई चुलीपुढं बसून ऐकत होती. काही बोलली नाही. तिचं न बोलणं जास्त लागलं.

मी रागानं बोललो नाही, कारण उत्तर नव्हतं. गेल्या वर्षीचा दर आठवायचा की त्याच्या आदल्या वर्षीचा? तो वाईट वर्ष सांगायचा, मी चांगलं वर्ष सांगायचो. दोघांचंही खरं. असल्या भांडणाला शेवट नसतो.

रात्री पाण्यावर बसून मी मारिएहाम्नचं वाचत होतो. आणि मला कळेना की हे लोक टिकले कसे.

त्याचं उत्तर एका माणसात आहे. पेक्का ल्युस्की. २००३ मध्ये हा माणूस क्लबचा प्रशिक्षक झाला तेव्हा टीम वरून तिसऱ्या पायरीवर होती. आपल्याकडे सी डिव्हिजन म्हणतो तसं. दोन वर्षांत दोन पायऱ्या चढून २००५ ला ते सगळ्यात वरच्या लीगमध्ये आले. लोक म्हणाले असतील, येतील तसे जातील. ते गेले नाहीत. दरवर्षी राहिले. कधी मधे, कधी खाली, पण राहिले. ल्युस्की २०१५ पर्यंत तिथेच. तेरा हंगाम एकच माणूस. आपल्याकडे तालमीचा कोच दोन सामने हरला की पेठेत चर्चा चालू होते. शेवटच्या वर्षी, २०१५ ला, त्यांनी फिनलंडचा कप जिंकला आणि ल्युस्की निवृत्त झाले.

आणि त्यांच्या नंतरच्या वर्षी, २०१६ ला, क्लब लीग जिंकला! पीटर लुंडबेर्ग आणि कारी व्हिर्तानेन या दोघांनी टीम सांभाळली. कप्तान होता यानी ल्युस्की, पेक्काचाच पोरगा. बचावात खेळणारा.

आंब्याचं असंच असतं बघा. लावणारा एक, पाणी घालणारा एक, खाणारा तिसराच. पण इथे निदान पोरगा तरी झाडाखाली उभा होता.

आणखी एक. जमीन बाहेरच्याला सहजासहजी न देणारी ही बेटं, पण मैदानावर मात्र दार उघडं. त्या टीममध्ये जमैकाचा डेव्हर ऑर्गिल होता, ब्राझीलचा दिएगो असिस होता, अमेरिकेचा पोरगा होता, मुख्य भूमीवरचे फिनिश बोलणारे होते आणि बेटावरचे स्वीडिश बोलणारे होते. राखायचं ते राखलं आणि लागेल ते बाहेरून आणलं. दोन्ही एकदम करता येतं, हे मला तिथे दिसलं. शेणखत घरचं आणि ठिबक बाहेरचं, त्यात भांडण कुठाय?

आता शेवट. लीग कुणाची हे शेवटच्या फेरीपर्यंत ठरलं नव्हतं. तारीख २३ ऑक्टोबर २०१६, रविवार. आपल्याकडे पुढच्या रविवारी लक्ष्मीपूजन होतं. घरात फराळाची तयारी, अंगणात पोरं किल्ल्याला माती आणतायत, आणि मी मोबाईल घेऊन गोठ्यात, कारण रेंज तिथेच जरा बरी. मारिएहाम्नची गाठ घरच्या मैदानावर तांपेरेच्या इल्वेसशी. निकाल २-१. जिंकले.

शेवटचा तक्ता: मारिएहाम्न ६१, एचजेके ५८, एसजेके ५७.

मी गोठ्यात एकटाच ओरडलो. म्हैस दचकली. धाकटा तेव्हा दिवाळीच्या सामानाची पिशवी घेऊन घरात शिरत होता. "काय बघायलाईस रे दादा एवढं?" म्हणाला. मी त्याला तक्ता दाखवला. साडेअकरा हजारांच्या गावानं राजधानीला हरवलं, असं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "एक वर्ष लागतंय रे मटका कुणालाबी."

आणि खरं सांगतो, त्याचं म्हणणं पण बरोबर होतं. पुढचं वर्ष बघा. २०१७ ला चॅम्पियन म्हणून मारिएहाम्न चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत उतरला. समोर पोलंडचा लेगिया वॉर्सा. घरी ०-३, तिकडे ०-६. दोन सामन्यांत नऊ गोल खाल्ले, एक दिला नाही. आणि लीगचं विजेतेपद परत हेलसिंकीला गेलं. २०१५ ला एका गुणानं हुकलेला रोप्स २०२० ला तळाला जाऊन लीगमधून खाली पडला. त्याच २०१६ च्या हंगामात तळाला काय चाललं होतं? वान्ताचा पीके-३५ सरळ खाली गेला. तुर्कूचा इंटर, जो २००८ चा चॅम्पियन, तो शेवटून दुसरा आला आणि वरच्या लीगमध्ये राहायला त्याला सामने खेळावे लागले कुणाशी, तर त्याच गावच्या टीपीएसशी! एका गावातल्या दोन टीम, एकाच जागेसाठी. इंटर वाचला. पण पेठेतल्या माणसाला विचारा, असा सामना हरल्यावर गल्लीतून चालायचं कसं.

म्हणून "लहान माणूस जिद्दीनं काहीही करू शकतो" असलं भाषण मी देणार नाही. जिद्द तर सगळ्याच बाराजणांकडे असते. खाली पडणाऱ्याकडे पण असते.

मला धरून ठेवलं ते आकड्यानं. ९९ पैकी ६१.

जरा विचार करा. चॅम्पियन कोण? ज्याला शंभरातले बासष्ट मिळाले तो. आदल्या वर्षीच्या एसजेकेला ९९ पैकी ६०. म्हणजे अख्ख्या देशात पहिला आलेल्या टीमचे एक तृतीयांशाहून जास्त गुण गेलेच. पावसात गेले, थंडीत गेले, लांबच्या प्रवासात गेले, शेवटच्या मिनिटाला गेले. आणि तरी ते पहिले. आपण मात्र शेतीत दर वर्ष जिंकायचंच म्हणून बसतो. एक वर्ष गेलं की रान वाईट, बियाणं वाईट, नशीब वाईट, आणि विकून टाकूया.

दुसरी गोष्ट, बरोबरी. कपाच्या सामन्यात बरोबरीला किंमत नाही, कुणीतरी घरी जायलाच लागतंय. आपल्याकडे नॉकआऊट स्पर्धा जास्त गाजतात, म्हणून आपल्याला बरोबरी म्हणजे फुकट गेलेली संध्याकाळ वाटते. लीगमध्ये तसं नाही. बरोबरीचा एक गुण वहीत जमा होतो आणि ऑक्टोबरात कामाला येतो. रोप्सला विचारा एका गुणाची किंमत. घातलेला खर्च निघाला, अंगावर काही राहिलं नाही, घरात काही आलं पण नाही, असलं वर्ष म्हणजे बरोबरी. त्याला तोटा म्हणू नये.

दिवाळीच्या पाडव्याला तिघे भाऊ बसलो. मी भाषण केलं नाही. एक दोनशे पानी वही ठेवली मधे. म्हणालो, "तुझा हिस्सा तुझा. विकायचा असला तर मी आडवा येणार नाही. पण एका वर्षावर ठरवू नको आणि मी पण एका वर्षावर ठरवणार नाही. तीन हंगाम हिशोब लिहितो. बियाणं, खत, मजूर, लाईट बिल, पाणीपट्टी, सगळं. स्वतःच्या राबण्याची हजेरी पण धरायची. खर्च जाऊन घरात पैसा आला तर तीन गुण, खर्च निघाला तर एक, अंगावर आलं तर शून्य. तीन वर्षांनी तक्ता बघू." मधला भाऊ मास्तर, त्याला वही म्हटल्यावर आनंदच. धाकटा गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि पोरीच्या फीचं?" प्रश्न बरोबर होता. फीसाठी ऊस तुटल्यावर पहिल्या बिलातून त्याला उचल द्यायची असं ठरलं. आईनं विचारलं, "लिवणार कोण?" म्हटलं, मी.

पुढच्या पंधरवड्यात, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि ते प्लॉटवालं गिऱ्हाईक तसंही गायब झालं. त्याचं श्रेय ना मला, ना मारिएहाम्नला. पण वही चालू राहिली. या पेजवरच्या नोंदी तुम्ही वाचता त्या त्याच वहीतून येतात.

आता तक्ता सांगतो. २०१६-१७ पासून २०२४-२५ पर्यंत नऊ हंगाम. चार जिंकलो, तीन बरोबरी, दोन हरलो. हरलेले दोन कुठले ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, २०१९ चा महापूर आणि २०२१ चा महापूर. ऊस आठ-दहा दिवस पाण्याखाली, शेंडा कुजला, पांगशा फुटल्या. २७ पैकी १५ गुण. शंभरात पंचावन्न. चॅम्पियन नाही आपण. पण खाली पडणाऱ्यांतले पण नाही.

आणि वही लिहिल्यामुळे एक गोष्ट दिसली जी तोंडी हिशोबात कधी दिसली नसती. बरोबरीची तिन्ही वर्षं ही लागणीच्या उसाची नव्हती, खोडव्याची होती, आणि तिन्ही वेळा मजुरीचा खर्च वर गेला होता. म्हणजे गुण कुठे गळतात ते कळलं. आता खोडव्यात पाचट जाळत नाही, सरीतच कुजवतो. भांगलण कमी लागते, एक पाणी वाचतं. एचजेकेसारखं सगळं विकत आणायची ऐपत नसली की गळती बंद करणं हीच आपली खरेदी. बेटावरच्या टीमनं तेच केलं असावं असा माझा अंदाज आहे. ज्या टीमचा कप्तानच बचावातला, तिला गोल खाण्याची किंमत माहीत असते.

धाकट्याचा हिस्सा अजून आहे. त्याची पोरगी शिकली, आता पुण्यात नोकरीला आहे. तीन वर्षं झाल्यावर त्यानं वही मागून घेतली, रात्रभर चाळली, आणि सकाळी एवढंच म्हणाला, "पुढची वही मी आणतो." पुढे काय ठरवेल ते त्याचं तो बघेल. पोरांच्या पिढीचं तर आताच काही सांगता येत नाही. २००३ ला ल्युस्कीला तरी कुठे माहीत होतं की २०१६ येणार आहे.

फिनलंडमध्ये फुटबॉलला गर्दी पण फार नसते. त्या सुमाराला एका सामन्याला सरासरी अडीच-तीन हजार माणूस. खरा नाद तिथे आइस हॉकीचा. आपल्या शाहू स्टेडियमवर यापेक्षा जास्त माणूस बघितलाय आपण. तरी ते लोक दर एप्रिलला बर्फ बाजूला करून रेघा मारतात आणि शून्यापासून सुरू करतात. मागच्या वर्षीचे ६१ गुण पुढच्या वर्षी कामाला येत नाहीत, आणि मागच्या वर्षीचे नऊ गोल पण अंगावर राहत नाहीत.

तर भावांनो, ज्यांनी अजून वही घातली नाही त्यांनी येत्या लागणीपासून घाला. मोबाईलमध्ये नको, कागदावर. घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा खुंटीला टांगा. आणि वर्ष संपलं की तीन, एक, शून्य, यातलं एकच लिहा. वर्षाला एकच आकडा.

तुमच्या गेल्या पाच हंगामांचा तक्ता किती होतो? १५ पैकी किती? जमलं तर कळवा. बरोबऱ्या लपवू नका, त्या पण मोजायच्या असतात.

उद्या पूर्वेकडच्या तुकड्यात बाळभरणी. वापसा चांगला आलाय.